आजींचा व्हॉल्व्ह

तुरुंगात येऊन तास झाला नव्हता, तरी प्लंबरच्या कोठडीत शंभर येरझाऱ्या झाल्या होत्या. बायको, मुलं, वकील राहिले बाजूला. डोक्यात एकच भुंगा, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं पाणी. सकाळी त्यांचा व्हॉल्व्ह बंद करून, “कोर्टात तोंड दाखवून दुपारी येतोच,” असं सांगून तो निघाला होता. जामीन काही मिळाला नाही.

“अहो, म्हातारी पाण्यावाचून बसली असेल,” त्यानं पहारेकऱ्याला चौथ्यांदा सांगितलं. पहारेकरी किल्ल्या वाजवत पुढे गेला.

कोपऱ्यात पडलेला जुना कैदी मूळचा आचारी. तो हसला नाही. “मी घरी गॅसवर दूध ठेवून आलो होतो,” तो म्हणाला.

“मग?”

“शेजारणीनं लगेच गॅस बंद केला म्हणे.” आचाऱ्यानं कूस बदलली. “अकरा वर्षं झाली. अजून उतू जातंय.”