डावा पीळ

“तात्या, चाळीस वर्षांचं गवत आहे हे? हाताला तर कालचं वाटतंय,” आर्किटेक्टबाई म्हणाल्या.

“समुद्रातलं आहे बाई. कुजत नाही, उंदीर तोंड लावत नाहीत, आगही पटकन धरत नाही. आम्हीच आधी संपतो.”

तात्यांचा जन्म किनाऱ्यावर वाहून आलेलं समुद्रगवत वाळवून लोकांची घरं शाकारण्यात गेला. आता लाटा त्यांच्याच घराच्या पायाशी आल्या होत्या. घर उतरवायचं ठरलं तेव्हा बाईंनी छपराचं गवत मागितलं; नव्या दवाखान्यावर तेच चढणार होतं. तात्यांनी एकच अट घातली. दारावरची, सगळ्यात खालची, गवताला पीळ देऊन वळलेली रांग ते स्वतः बांधणार. का, ते मात्र सांगितलं नाही.

ती रांग बायकोने लग्नाच्या वर्षी वळली होती. ती डावखुरी, त्यामुळे तिचा पीळ उलटा. तुझ्या बाजूने पाऊस वर चढेल, असं तात्या तिला चिडवायचे. चाळीस वर्षांत तिथून थेंब आत आला नाही. ती गेली त्याला तीन वर्षं झाली, आणि तिच्या हातचं एवढंच उरलं होतं. पण हे चारचौघांत सांगायची म्हाताऱ्याला लाज वाटली, दुसरं काय.

नेमका तात्यांना ताप आला. चौथ्या दिवशी ते दवाखान्याच्या कामावर पोचले तर दारावरची रांग बांधून झालेली होती. त्यांनीच तयार केलेल्या दोघी कारागीर बहिणी खाली हसत उभ्या होत्या.

“म्हटलं, तुमचा त्रास वाचवू,” थोरली म्हणाली. “पण तात्या, कुणी वळली होती हो ती? सगळे पीळ उलटे. दोन दिवस भिजवून एकेक उकलला आणि सरळ वळला.”

“उलटा दिसला की उकलायचा, तुम्हीच सांगता ना?” धाकटी म्हणाली.

 तात्यांनी शिडी चढून रांगेवरून हात फिरवला. पीळ घट्ट होते, सारखे होते, नाव ठेवायला जागा नव्हती. खाली उतरल्यावर त्यांना दोघींची चिरलेली बोटं दिसली.

“छान झालंय,” ते म्हणाले.

संध्याकाळी लेकीने दारातच विचारलं, “आईची रांग लागली का हो?”

“लागली.”

“मग उद्या मी येते. एकदा हात लावून बघते.”

तात्या वाकून चपला काढत राहिले.

“ये,” ते म्हणाले. “दारावरच आहे.”