एकेचाळीस ठिगळं

पाणीपट्टी वाढणार म्हटल्यावर अख्खं गाव नगरपालिकेच्या सभागृहात लोटलं. एरवी सभेला चार टाळकी जमत नाहीत, पण बिल वाढतंय म्हटलं की अंथरुणाला खिळलेलेही उठून येतात. पुढच्या रांगेत लाँड्रीवाली ताई बसली होती आणि सगळ्यात मागे, दाराला टेकून, तिचा धाकटा भाऊ, पाणीखात्याचा फिटर. गाव त्याला डॉक्टर म्हणायचं. तीस वर्षं त्यानं पाइपांची दुखणी बरी केली, तीही कुणाचं पाणी न तोडता. निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि गावात त्याच्या नावाला मान होता.

इंजिनिअरबाई नवीन, बोलायला भिडस्त. "मुख्य पाइप साठ वर्षांचा झालाय. बदलायलाच हवा, म्हणून ही वाढ," एवढं बोलून त्या थांबल्या.

ताईनं बिघाडाचं रजिस्टर आधीच मागून घेतलं होतं. ते तिनं उंच धरलं. "ही बघा अकरा वर्षं. मुख्य पाइपवर एक बिघाड नाही. एक! धडधाकट माणसाला दवाखान्यात कशाला नेताय? माझ्याकडे रोज शंभर चादरी धुतात, धार कधी कमी झाली नाही."

टाळ्या पडल्या. रजिस्टर कोरं होतं ते मात्र मागे उभ्या फिटरच्याच मेहेरबानीनं. बिघाड नोंदवला की नियमानं दोन दिवस पाणी बंद, मग लोकांच्या शिव्या. त्यापेक्षा हा पठ्ठ्या गुपचूप खड्डा खणायचा, गळतीवर टायरच्या ट्यूबची पट्टी आवळायचा, वर पत्रा ठोकायचा आणि माती लोटून चहाला जायचा. नोंद नाही, बोंब नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! यालाच तो कसब समजत आला होता. गेल्या आठवड्यात मात्र पट्टी आवळताना पाइपचा तुकडाच बिस्किटासारखा मोडून हातात आला.

आता बोलावं तर तीस वर्षांचं नाव मातीत जाणार, वर सख्ख्या बहिणीचं भर सभेत हसं होणार. गप्प बसावं तर पाइप आज ना उद्या फुटणार.

"ताई," तो म्हणाला. आवाज नीट फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणाला, "ताई, ते रजिस्टर खोटं आहे. एकेचाळीस ठिकाणी गळती होती. मी ठिगळं मारली, लिहिलं काहीच नाही. मॅडम खरं सांगतायत."

सगळ्या माना मागे वळल्या. कुणीतरी विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही ठिगळांतनं पाणी पितोय?"

"हो."

ताई उठून थेट त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. लहानपणी ती अशी आली की गालावर बोटं उमटायची, म्हणून त्यानं डोळे मिटून घेतले.

"अरे गाढवा, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? आणि दोन महिन्यांनी तू घरी बसल्यावर ही ठिगळं कोण मारणार होतं?"

खरं तर हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता, आणि त्याची त्याला मनापासून लाज वाटली.

ताई लोकांकडे वळली. "धार कमी होत नाही म्हणून मी मघाशी तोऱ्यात बोलले. ती धार पाइपच्या जोरावर नव्हती, या येड्याच्या हातांवर होती. हात थकतात. पाइप बदला. मी वाढ द्यायला तयार आहे." तिनं हात वर केला आणि दरडावलं, "बघताय काय?"

हात वर होऊ लागले. किराणावाल्यानं शेवटपर्यंत खिशातून हात काढला नाही, पण त्याच्या बायकोनं दोन्ही वर केले.

इंजिनिअरबाई नकाशा घेऊन मागे आल्या. फिटरला वाटलं, आता कानउघाडणी होणार. त्यांनी पेन उघडलं. "काका, सगळ्यात वाईट कुठे आहे?"

"शाळेपाशी," तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला कुणी हे विचारलं होतं. मग तो एकेक जागा भडाभडा सांगत सुटला.