मालाचं पारडं

"चाळीस मिनिटं उरली आहेत," निरीक्षक आठल्ये घड्याळाकडे बघत म्हणाले. "ही शेवटची."

त्यांनी टेबलावर एक तागडी ठेवली. भाजीवाल्यांची असते तशी, हातात धरायची. लोखंडी दांडी, दोन पारडी, सहा साखळ्या. नसीमबानूने ती खुंटीला अडकवली आणि मागे सरून बघितली. पारडी रिकामी असूनही डावीकडची बाजू खाली झुकली होती.

एकोणीसशे एक्याऐंशीचा फेब्रुवारी महिना होता. हडपसरच्या भाजी बाजाराला लागून असलेल्या शेडमध्ये वजनकाटे तपासून शिक्का मारण्याचं शिबिर भरलं होतं. परिसरातल्या व्यापाऱ्यांनी सकाळीच काटे जमा केले होते. तपासणीत नापास झालेल्यांपैकी तीन नग आठल्यांनी परीक्षेसाठी बाजूला काढले होते. काटेदुरुस्तीच्या परवान्यासाठी एका बाईने अर्ज करण्याची त्यांच्या नोकरीतली ही पहिलीच वेळ होती. ते त्यावर एकदाच बोलले होते. "बाईला देऊ नये असं नियमात लिहिलेलं नाही," एवढंच.

खडकी बाजारातलं दुकान नसीमबानूच्या सासऱ्यांनी टाकलेलं. त्यांच्यानंतर परवाना तिच्या नवऱ्याच्या, अय्युबच्या नावावर आला. सात वर्षांपूर्वी काचबिंदूने अय्युबची नजर जवळजवळ गेली. तेव्हापासून तो दुकानाच्या तोंडाशी बसत होता आणि काम पडद्यामागे नसीमबानू करत होती. उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या नसीमबानूला हा धंदा अय्युबने कानाने शिकवला. ती कानस चालवायची आणि तो पडद्याच्या अलीकडून आवाज ऐकत सांगायचा, "बास, जास्त जाईल." गिऱ्हाइकांना आतून कानशीचा आवाज ऐकू यायचा आणि समोर उस्तादांचे, म्हणजे अय्युबचे, हात मांडीवर स्वस्थ दिसायचे. कुणी काही विचारलं नाही. काटा बरोबर मिळत होता.

या वर्षी परवान्याच्या नूतनीकरणाला स्वतः काम करून दाखवणं भाग होतं. अय्युबने आठल्यांसमोर सगळं खरं सांगितलं आणि बायकोच्या नावाने अर्ज दिला. नसीमबानू नापास झाली तर मार्चअखेरीस दुकानाला कुलूप लागणार होतं.

पहिले दोन नग दुरुस्त करून झाले होते. दोन किलोचं वजन झिजून हलकं झालं होतं. बुडाच्या भोकात शिसं ओतून ते तिने भरून काढलं. किराणा दुकानातल्या काट्याची दांडी ज्या पोलादी धारेवर तोलली जाते ती धार बोथट झाली होती, ती घासून दिली.

आता तिने तागडीची पारडी काढून त्यांची अदलाबदल केली. दांडी उजवीकडे झुकली. म्हणजे दांडी निर्दोष होती, पारडंच जड होतं. तिने ते उलटं केलं. पाठ लालसर होती, लाखेचा थर दिल्यासारखी. नखाने जरा टोकरलं, नाकाशी नेलं आणि पारडं खाली ठेवलं.

"साहेब, ही तागडी कुणाची आहे?"

"परीक्षेत मालकाचं काय काम?"

"काम आहे. त्यांना बोलवायला लागेल."

शेडच्या कोपऱ्यात मच्छिंद्र आपलं सामान मांडून बसला होता. काटेदुरुस्तीचा परवाना त्याच्याकडे वीस वर्षं होता. तो हसला. "बोलवा की. मालकाला विचारूनच कानस लावायची, नवीन पद्धत दिसतीय. अहो ताई, त्या बाजूला चिमूटभर शिसं चिकटवा आणि घरी जा. मी तर चहा थंड व्हायच्या आत दिली असती."

"तुमची परीक्षा झाली आहे, मच्छिंद्र," आठल्ये म्हणाले. "अजून एकदा द्यायची असेल तर सांगा."

त्यांनी शिपायाला बाजारात पाठवलं. नसीमबानू हात मांडीवर ठेवून बसली. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. भिंतीशी बाकावर बसलेला अय्युब अस्वस्थ झाला.

"नसीम, कानस का थांबली?"

"लागत नाही म्हणून."

"वेळ जातोय."

"जाऊ दे. तुम्ही बसा."

पंचवीस मिनिटांनी तुळजाबाई आल्या. साठीच्या, काष्टा घातलेल्या, कमरेला ओला रुमाल खोचलेला. आल्या त्याच बोलत.

"मेथी उघड्यावर टाकून आलीय मी. गाय तोंड घालंल तर सायेब भरून देणार हाय का? काय झालं माझ्या तागडीला?"

"मालाचं पारडं बारा ग्रॅम जड आहे," आठल्ये म्हणाले. "तेवढा माल गिऱ्हाइकाला कमी जातो."

तुळजाबाईंचा आवाज एकदम खाली आला. "म्हंजी मी चोर ठरले व्हय? तीस वर्सं बसतीय हितं. कुनाची एक मिरची मारली नाय."

नसीमबानू उठून त्यांच्यासमोर गेली. "मावशी, दसऱ्याला तागडी पुजता?"

"पुजनारच की. लक्ष्मी हाय ती आमची."

"हळदकुंकू दोन्ही पारड्यांना लावता?"

"एकालाच, मालाच्या. वजनाच्या पारड्यात काय, लोखंड. माल जातो त्यातनंच लक्ष्मी येती."

"तेलात कालवून?"

"नायतर टिकंल कसं?"

"आणि नवं लावताना जुनं पुसता?"

तुळजाबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "लक्ष्मीचं कुंकू कुनी पुसतं व्हय गं?"

मच्छिंद्रचं हसू थांबलं. आठल्यांनी पारडं उचलून पाठीवरचा लाल थर बोटाने चाचपला. सकाळी त्यांना तो रंग वाटला होता.

"तेवढंच आहे साहेब," नसीमबानू म्हणाली. "वर्षानुवर्षांचं साठलंय."

"मग तू का नाय खरवडलंस?" तुळजाबाईंनी विचारलं. "कानस तर हाय हातापाशी."

"पूजेला कानस लावायची नाही, असा माझ्या सासऱ्यांचा नियम होता. ज्याची पूजा, त्याने धुवायची. म्हणून तुम्हाला बोलावलं."

"पर धुवायचं म्हंजी..."

"दिवाळीला देव उजळता ना चिंचेने? तसंच."

तुळजाबाईंनी पदर खोचला. मग पारडं उचलून नळाकडे गेल्या. शेजारच्या गाळ्यावरून लिंबाएवढा चिंचेचा गोळा मागून घेतला आणि उकिडव्या बसून घासायला लागल्या. पहिल्यांदा तेलकट पाणी निघालं, मग लाल. आठल्ये घड्याळाकडे बघत होते. सात मिनिटं उरली होती. नसीमबानू जागची हलली नाही.

तुळजाबाईंनी पारडं पदराने पुसून आणलं, तेव्हा तीन मिनिटं होती. नसीमबानूने ते अडकवलं आणि हात काढून घेतला. दांडी दोनदा वरखाली झाली आणि आडवी स्थिर राहिली. आठल्यांनी पारडी बदलून बघितली. दोन्हीकडे एक एक किलो टाकून बघितलं. दांडी तशीच राहिली.

"शिसं लावून हे दहा मिनिटांत झालं असतं," ते म्हणाले.

"आज झालं असतं. दसऱ्याला परत बिघडलं असतं. आणि मावशींनी कधी पारडं धुतलं असतं, तर काटा उलट्या बाजूला खोटा झाला असता. मग शिसं कुणी लावलं, हे विचारलं गेलं असतं."

आठल्यांनी कागद पुढे ओढला. "काय दुरुस्ती केली, असा रकाना आहे. काय लिहू?"

"काही केली नाही, असं लिहा. तागडी बरोबर होती."

त्यांनी तसं लिहिलं, खाली सही केली आणि तागडीवर या वर्षाचा शिक्का मारला.

"आता कुंकू लावायचं नाय का कधी?" तुळजाबाईंनी तागडी छातीशी धरून विचारलं.

"लावा की. दांडीच्या बरोबर मधोमध लावा. तिथे लावलं तर झुकत नाही."

"हे आधी का नाय कुनी सांगितलं मला?" असं म्हणत तुळजाबाई मेथीकडे निघाल्या. चार पावलांवरून वळल्या. "उद्या माझ्या सुनंची तागडी आनते. ती बी पुजती."

"खडकीला आणा मावशी. दुकान आहे आमचं."

सामान आवरून दोघं बाहेर पडली, तेव्हा मच्छिंद्र समोरची एक तागडी उलटी करून पारड्यांची पाठ बघत होता.

परवाना तीन आठवड्यांनी टपालाने आला. नसीमबानूने तो वाचून दाखवला. अय्युबने स्वतःचं नाव कुठे येतं का, ते शेवटपर्यंत ऐकलं. एका जागी आलं, पती म्हणून. मग तो उठला, चाचपत पडद्याची दोरी सोडली, पडद्याची चौकोनी घडी घातली आणि पडदा जिथे लावलेला होता त्याच्या पलीकडे, आत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी एक किराणावाला काटा घेऊन आला. सवयीने पायरीवरूनच म्हणाला, "उस्ताद, बघता का जरा?"

"उस्ताद समोरच बसल्यात," अय्युब आतून म्हणाला. "त्यांना विचारा."

नसीमबानूने काटा घेतला, धार उजेडाकडे धरली आणि कानस लावली. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबून बघत होती. आत अय्युब मान एका बाजूला कलती करून ऐकत होता.

"बास," तो म्हणाला.

कानस त्याआधीच थांबली होती.