खरवडलेल्या नावाची डबी

मी एक डबी बोलतेय. पांढरी, प्लॅस्टिकची, मुठीत मावेल एवढी. दचकू नका; दचकायचं काम आमच्याकडेच आहे.

औषधाच्या खिडकीतून एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हाती मी आले, तेव्हा माझ्या अंगावर नाव होतं. एचआयव्हीच्या औषधाचं. घर यायच्या आधीच तिनं जिन्यात उभं राहून ते नखानं खरवडून काढलं. गोळ्या वाजू नयेत म्हणून आत कापूस कोंबला आणि मला बटणांच्या पिशवीत दडवलं. नवऱ्याला ठाऊक होतं, त्यालाही तेच औषध चालू होतं. तिसऱ्या कानाला पत्ता नव्हता.

एकदा जाऊबाईंनी पिशवी उचकली. "काय गं, बटणांना कापसाची गादी?"

"काचेची आहेत हो. फुटतात."

"बाई बाई! माणसांपेक्षा बटणांचेच लाड!"

दोघी हसल्या. जाऊबाई वळताच तिनं मला बटणांखाली आणखी खोल सरकवलं.

तिला एक मुलगी. लेक निरोगी निघाली, पण लेकीच्या रक्ताच्या शेवटच्या तपासणीपर्यंतचे अठरा महिने आईनं जीव मुठीत धरून काढले होते. "पुन्हा ते नको," ती नवऱ्याला म्हणाली. तोही कबूल झाला.

म्हणून ती दवाखान्यातल्या कुटुंबनियोजनाच्या खोलीत गेली. जाऊबाई सोबतीला, अगदी खेटून बसलेल्या. नर्सबाई दंडात, कातडीखाली गर्भ रोखणारी एक बारीक कांडी बसवणार होत्या.

"दुसरं काही औषध चालू आहे?"

तिचा हात मांडीवरच्या बटणांच्या पिशवीवर घट्ट आवळला. "नाही. काहीच नाही."

माझ्या पोटातल्या गोळ्या त्या कांडीचा जोर कमी करतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी खडखडले असते हो, जिवाच्या आकांतानं. पण माझ्या तोंडात कापूस होता.

काही महिन्यांनी पाळी चुकली.

एचआयव्हीचं औषध देणाऱ्या डॉक्टरीणबाई मायेनं बोलल्या. "औषध वेळेवर घेतेस, बाळ निरोगी होऊ शकतं. ठेवायचं की नाही, निर्णय तुझा."

"माझा निर्णय?" ती दंड चाचपत म्हणाली. "तो तर मी घेतला होता ना, डॉक्टर."

उद्या तिला उत्तर द्यायचंय. काय ठरलंय, मला माहीत नाही. तिला तरी कुठे माहीत आहे?

तिचं औषध बदललं, मी रिकामी झाले. लेकीनं कापूस उपसून माझ्यात खरीखुरी बटणं भरलीत. आता मी दिवसभर वाजते.

एवढंच मागणं आहे: बाईला औषधाचं विचाराल, तेव्हा आधी सोबतिणीला बाहेर बसवा. दार लावा. मग थोडं थांबा. आमच्या तोंडातला कापूस निघायला वेळ लागतो.