काळुरामकाकांची थापट

मित्रांनो, मी एक जुना रेझिस्टर आहे, तिळाएवढा. मूर्ती लहान खरी, पण कीर्तीचं कुणी नाव काढलं नाही. आणि परवा माझ्या एका तड्यापायी माणूस जाणार होता.

रोह्याच्या एका रासायनिक कारखान्यात, पेटीतल्या दोन सर्किट बोर्डांच्या जोडावर माझी चाकरी. पहिल्या बोर्डाला पंपघरातला विषारी वायू कळतो. त्याची खबर दुसऱ्या बोर्डाकडे धावते आणि तो भोंगा वाजवतो. वाटेत माझे शेजारी कपॅसिटर तेवढा संदेश पुढे सोडतात, बाकीची वीज अडवतात. शेवटी मी असतो. आलेला संदेश तिथेच जिरवतो. नाही जिरवला, तर विहिरीत मारलेल्या हाकेसारखा तो उलटा फिरतो, मागच्या संदेशात मिसळतो, आणि बोर्डाला काडीचं कळत नाही.

नवा होतो तेव्हा कौतुक झालं, मग सगळे विसरले. खबर नीट पोचतेय हे सांगणारा पेटीवरचा हिरवा दिवा कधी विझला, की पंपावरचे जुने कामगार काळुरामकाका पेटीला थापट मारत. दिवा लागे. आपल्या हाताला गुण आहे, असं काका सगळ्या शिफ्टला सांगत. मला बोर्डाशी जोडणारा सांधा मात्र दर थापटीला तडकत होता.

परवा दुपारी पंप अडकला. काका आत निघाले, तोच दिवा विझला. त्यांनी थापट मारली, पण लागला नाही. पेटीच्या पडद्यावर वायूचा आकडा मात्र तसाच उभा होता.

"आकडा बरा हाय," म्हणत त्यांनी पंपघराच्या कडीला हात घातला.

पेटी सांभाळणारी गडब गावची मनस्वी आडवी आली. "काका, तो आकडा मघाचा हाय. आता आत काय हाय, कुणाला ठाव नाय."

इथे केस पिकवलेत, असं काकांनी सुनावलं. तिने पेटी उघडली, भिंगातून तडा हेरला, "हितं तडा हाय," म्हणाली आणि प्लास्टिकच्या काडीने मला दाबलं. मी फार घाबरलो होतो. तरी सगळा जीव एकवटून आलेला संदेश जिरवला.

दिवा लागला. आकडा झरझर चढला आणि भोंगा किंचाळला. काकांचा हात अजून कडीवरच होता.

सगळे बाहेर पळाले. फाटकापाशी काका तिच्याकडे वळले. "गो मनस्वी," ते म्हणाले, "मीच थापटी मारीत व्हतो, त्यानंच त्यो तडा गेला."

दुसऱ्या दिवशी तिने माझा सांधा नव्याने जोडला. मित्रांनो, थापटीने चालू झालेली वस्तू बरी झालेली नसते. तिला उघडून बघा. मला ओरडता येत नाही. माझ्या वतीने भोंगा ओरडतो, तोही माझा सांधा धड असेल तरच.