फर्गसच्या आजीची पाई

फर्गसची आजी बाजारचे तयार डबे फोडून खाऊ घालायची त्याला. हे त्यानंच मला सांगितलंय, सिंकपाशी उभं राहून, माझी पाई बोटं चाटत खाताना. त्यामुळे त्याच्या नव्या हॉटेलाच्या दारातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं 'आजीची स्कॅलप पाई' वाचलं आणि माझं डोकंच सणकलं.

सोळा वर्षं मी त्याच्या बड्या रेस्टॉरंटात भांडी घासली. होबार्ट बंदराचा धक्का, पांढरे टेबलक्लॉथ, अकरा पदार्थांचं जेवण आणि प्रत्येक ताटात बोटाएवढा घास. पाहुण्यांना स्कॅलपचा, म्हणजे त्या शिंपल्यातल्या मांसाचा, फक्त पांढरा गोल जायचा. नारिंगी गाबोळी आणि फाटके तुकडे माझ्याकडे यायचे. पाच वाजता स्टाफचं जेवण असे, ते मीच करायचे. त्या तुकड्यांची पाई, करी पावडर घालून, वर चमचाभर जर्दाळूचा जाम, आईच्या एनॅमलच्या भांड्यात.

"लिनेट, हे नखरे आता लोकांना नकोत," गेल्या हिवाळ्यात फर्गस म्हणाला. "साधं, इथलं, पोटभर हवंय. हे बंद करतो आणि छोटंसं बिस्ट्रो टाकतो. चूल तुझी. मी आपला गिऱ्हाइकांशी गप्पा मारीन."

एकसष्ट वर्षांची बाई मी, पण लाजले हो! बहिणीला फोन केला, नवा एप्रन घेतला. चव जमवायची म्हणून फर्गसनं कृती लिहून घेतली आणि भांडंही नेलं. मी दिलं! माझी अक्कल कुठं शेण खायला गेली होती कोण जाणे.

जुनं रेस्टॉरंट बंद झालं, मग तीन महिने चकार शब्द नाही. परवा निरोप आला, उद्घाटनाच्या दुपारी जेवायला ये म्हणून.

आत गेले तर चुलीपाशी मेलबर्नहून आणलेला कुणी दाढीवाला. मला खिडकीशी बसवलं आणि पाई आणून ठेवली. घास घेतला. माझीच होती, जामसुद्धा चमचाभरच. पलीकडे फर्गस वर्तमानपत्रातल्या बाईला सांगत होता, "आजीची जर्दाळूची झाडं होती ना, म्हणून हा जाम..."

अरे, ती झाडं माझ्या बापाची!

"फर्गस, इकडे ये जरा."

तो आला, वाकला आणि हळूच म्हणाला, "तमाशा नको गं, लिनेट. लोकांना आजी आवडते. भांडीवालीची पाई कोण खाणार? आणि सिंकवरची तुझी जागा ठेवलीय ना मी. सोमवारपासून ये."

"सोळा वर्षं तूच खाल्लीस की रे मेल्या!" माझा आवाज चढला. "मला चूल देणार होतास तू. माझं भांडं दे."

"अगं, ते काय भिंतीवर! केवढ्या मानानं लावलंय बघ."

लावलं होतं खरं, गल्ल्याच्या वर, दोन सुक्या फुलांच्या मधोमध. मी खुर्ची ओढली आणि चढले. सगळे बघत होते. बघू देत. भांडं खेचून काढलं आणि उलटं केलं. तळाला आईनं खिळ्यानं कोरलेलं तिचं नाव होतं, एडना. त्या नावातूनच ड्रिल घातलं होतं त्यानं.

त्या भोकातून माझी करंगळी आरपार गेली. आता ह्यात पाई व्हायची नाही.