शिलाई मशीन आणि मामाची न निघालेली गाणी

मामाची एकच रेकॉर्ड निघाली, आणि तिच्यावर तेव्हा जी माणसं नाचली ती आता गुडघ्यावर हात टेकून उठतात. लोकगीताची चाल, तिच्याखाली इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम, वर मामाचा आवाज. या आवाजाला त्या वेळी एका समीक्षकानं ‘प्रामाणिक’ म्हटलं होतं. समीक्षकाला दुसरं काही सुचलं नाही की तो प्रामाणिक म्हणतो, हे मामाला अजून कुणी सांगितलेलं नाही. रेकॉर्ड फारशी खपली नाही. पण ज्यांनी घेतली ते त्यातून बरे झाले नाहीत. त्यांतल्याच एकानं मोठेपणी, घरच्यांचं न ऐकता, रेकॉर्ड काढायची छोटीशी कंपनी टाकली, आणि आता त्याला मामाची न निघालेली सगळी गाणी एका पेटीत घालून जगाला द्यायची होती.

ती गाणी फ्रिजमध्ये होती.

टेप थंड आणि कोरड्या जागी ठेवाव्यात असं मामानं कुठंतरी वाचलं होतं. फ्रिज बंद पडून जमाना झाला होता, पण ही गोष्ट त्यानं कधी मनावर घेतली नाही. वरच्या कप्प्यात चांगली गाणी, दारात अर्धवट गाणी, आणि खाली भाजीच्या खणात ती गाणी, जी त्याला स्वतःलाच सोसली नव्हती. बर्फाच्या कप्प्यात एकच टेप होती. तिच्याकडे बोट दाखवून मामा काही बोलायचा नाही, नुसते डोळे मिटायचा. ती त्याची सर्वश्रेष्ठ कृती.

हे सगळं साफ करायचं काम भाचीकडे आलं. घराण्यात जो तो गाणारा, ही एकटी बेसूर, पण कान असा की शेजारच्या घरात कुणाचा सांधा वाजला तरी कुणाचा ते सांगेल. तानसेन नाही झालीस तर कानसेन हो, असं मामा तिला लहानपणी म्हणाला होता, आणि तिनं ते करिअर मार्गदर्शन समजून पाळलं. जुन्या ध्वनिमुद्रणातली खरखर काढणं हा तिचा धंदा. पोट भरायचं ते पुढाऱ्यांच्या भाषणातला खोकला काढून. मामाच्या टेपा मात्र ती जिवापाड जपून काढत होती, कारण ही गाणी ऐकतच ती मोठी झाली होती. दाराच्या पलीकडून, पण ऐकत.

अडचण एकच होती. मामा ‘हो’ म्हणत नव्हता.

कंपनीवाला दर आठवड्याला फोन करायचा. मामा म्हणाला, टेपांना बुरशी आलीय. कंपनीवाला म्हणाला, चालेल सर. मामा म्हणाला, तेव्हा गिटार सुरात नव्हती. कंपनीवाला म्हणाला, तीच तर मजा आहे सर. शेवटी मामा म्हणाला, मी मेल्यावर काढा.

“काही घाई नाही सर, थांबतो,” असं कंपनीवाला इतक्या आदरानं म्हणाला की मामा दोन दिवस जेवताना त्याच्या नावानं बोटं मोडत होता.

खरं कारण भाचीला कळलं ते फ्रिज रिकामा करताना.

“हे बघ कानसेन,” मामा म्हणाला, “मी हे सगळं कुणासमोर गायलो? तुझ्या मामीसमोर. एकाच खोलीत. आणि तिनं आयुष्यात माझं एक गाणं धड ऐकलं नाही. मी गिटार घेतली की हिचा मशीनवर पाय पडलाच. घरात जे कुणाला आवडलं नाही, ते बाहेरच्यांच्या गळ्यात मारू?”

“तू विचारलंस का तिला कधी?”

“विचारायचं काय? टेपमध्ये पुरावा आहे ना!”

पुरावा होता, आणि भरपूर होता. मामा-मामीचा संसार दोन खोल्यांचा. एकीत स्वयंपाक, दुसरीत कला आणि उशांचे अभ्रे. मामी दुकानांसाठी पडदे, अभ्रे, टेबलावरची कापडं शिवायची. त्या खोलीला खिडकी होती म्हणून मशीन तिथं, आणि ती खोली रस्त्यापासून लांब होती म्हणून गिटारही तिथंच. त्यामुळे प्रत्येक टेपवर मामा प्रेम, विरह, क्रांती, नदी, जे काही गात असेल, त्याच्यामागून टर्रर्रर्र असं मशीन धावत होतं. क्रांतीच्या गाण्यात तर ते क्रांतीच्या पुढं निघून गेलं होतं.

भाचीनं ठरवलं, मशीन काढून टाकायचं. मामानं आपलं गाणं एकदा निर्मळ ऐकलं की विरघळेल. ती चिकाटीनं बसली. सुईचा प्रत्येक ठोका शोधून तिनं तो आवाजाच्या पाठीवरून असा सोलला, जशी उकडलेल्या बटाट्याची साल. सुरुवात केली भाजीच्या खणातल्या एका गाण्यापासून, कारण बिघडलं तर नुकसान कमी.

तयार झाल्यावर तिनं ते मामाला ऐकवलं. मामा डोकं तिरकं करून ऐकत राहिला.

“कोण आहे हा?”

“तू आहेस.”

“याला काही दुखतंय का? मधेच किंचाळतो, मधेच कानात बोलतो. डॉक्टरला दाखवा याला.”

मामाचं चूक नव्हतं. मशीन गेल्यावर गाणं फारच विचित्र झालं होतं. दोन ओळी मामा कुणी बस सोडून चालल्यासारखा ओरडत होता, आणि तिसरी ओळ आली की एकदम मांजराला थोपटल्यासारखा हळू. भाचीनं तीच फाइल कंपनीवाल्याला पाठवली होती. त्याचा फोन आला तेव्हा तो रडत होता.

“काय आवाजाचे चढउतार आहेत सरांचे! त्या काळात हा विचार! यामागं नक्की कुठलं तरी तत्त्वज्ञान असणार!”

भाचीला मात्र तत्त्वज्ञानाचा संशय आला नाही. पुढाऱ्यांबरोबर काम केल्यामुळे तिला माहीत होतं, माणूस ओरडतो तो शेजारी काहीतरी वाजत असतं म्हणून. तिनं मूळ टेप पुन्हा लावली, मशीनसकट. मशीन धडधडतंय, मामा त्याच्यावर चढून गातोय. मग मशीन थांबतं. खोली शांत. मामाचा आवाज आपोआप खाली येतो, आणि त्या शांततेत तो गातो:

*दिवा मालवायचा राहिला, म्हणून परत आलो.*

लगेच पुढची ओळ येते. काळजाच्या काठावरती काळोखाचे कडे कोसळून काळ कण्हत असल्याबद्दल ती होती. आणि मशीन सुसाट.

भाची खुर्चीत सरळ बसली.

त्या गाण्याच्या बऱ्याच टेपा होत्या, मामा एकेक गाणं महिनोन्‌महिने घासायचा. तिनं त्या क्रमानं लावल्या. दिव्याची ओळ आली की मशीन थांबतं. दरवेळी. कण्हणारा काळ आला की सुटतं. पुढच्या एका टेपेत मामानं तो काळ काढून टाकलेला होता, त्या जागी आलं होतं, *चपला बाहेरच काढल्या, तू जागी नसावीस म्हणून*. मशीन तिथंही थांबलं. शेवटच्या टेपेत तर मशीन पहिल्या कडव्यातच थांबलेलं होतं, आणि गाणं संपल्यावरही थोडा वेळ सुरू झालेलं नव्हतं. मामानं प्रत्येक वेळी तीच ओळ ठेवली होती जिथं खोली शांत झाली. आपण असं का करतोय याचा त्याला पत्ता नव्हता. त्याला वाटत होतं, प्रतिभा.

मग तिनं बर्फाच्या कप्प्यातली टेप लावली. हिच्यात मशीन औषधालासुद्धा नव्हतं. मामी तेव्हा आजारी बहिणीकडे राहायला गेली होती. गाणं एका पुलाबद्दल होतं. पूल संपला तरी गाणं संपत नव्हतं. नंतर त्यात दुसरा पूल आला.

“बघ,” मामा नेहमी म्हणायचा, “घरात शांतता मिळाली की माणूस काय करून दाखवतो.”

भाचीचं याबाबतीत मामाशी पूर्ण एकमत झालं, फक्त ते तिनं बोलून दाखवलं नाही.

रविवारी तिनं दोघांना समोर बसवलं. मामी पदराला हात पुसत आली. “काय ते लवकर लाव बाई, गॅसवर दूध आहे.”

“भाजीच्या खणातलं आहे,” मामा तिला म्हणाला, जणू आधीच माफी मागतोय. “तुला बसायची काही गरज नाही.”

“बसू दे तिला,” भाची म्हणाली. “मामा, तू गाणं ऐकू नकोस. मशीन ऐक.”

“तेच ऐकत आलोय जन्मभर!”

तिनं दिव्याच्या गाण्याच्या सगळ्या टेपांमधली तेवढीच जागा एकामागे एक जोडून आणली होती. टर्रर्रर्र, शांतता, दिवा. टर्रर्रर्र, शांतता, दिवा. टर्रर्रर्र, शांतता, दिवा. मामाची भुवई प्रत्येक दिव्याला थोडी वर जात होती.

“दोरा तुटला असेल,” तो शेवटी म्हणाला.

“माझा?” मामी म्हणाली.

त्या एका शब्दानं दोऱ्याचा विषय मिटला.

“मग बॉबिन संपली असेल.”

“दरवेळी? त्याच ओळीला?” भाची म्हणाली. “मामा, बॉबिनला काय कविता कळते?”

मामा बायकोकडे वळला. इतक्या वर्षांत या विषयावर तो पहिल्यांदाच तिच्याकडे वळत होता, त्यामुळे खुर्चीसुद्धा कुरकुरली.

“तू... थांबायचीस?”

“मग काय करणार? मशीन चालू असलं की मला शब्द कळत नाहीत. ऐकायचं असलं की थांबायचे.”

“आणि मग परत सुरू का करायचीस?”

“मग पुढची ओळ यायची.”

भाचीनं पटकन खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक सायकल होती.

मामाचं तोंड उघडं होतं. त्यातून काहीतरी रागाचं निघेल असं वाटत होतं, पण तो राग वाटेतच रस्ता चुकला. “अगं पण, सांगायचं नाही का कधी? तोंडानं?”

“थांबले होते ना,” मामी म्हणाली. आता तिचाही आवाज चढला. “आणखी काय करायचं? टाळ्या वाजवू? हातात पडदे असायचे. दुकानवाला संध्याकाळी दारात. तरी थांबायचे. एकदा तर तुमच्या त्या दिव्यापायी अख्खा पडदा उलटा शिवला.”

“मला वाटायचं तुला आवडत नाही.”

“आणि मला वाटायचं तुम्हाला दिसतंय. समोर तर बसलेले असायचात!”

“मी डोळे मिटून गातो!”

“ते काय मला माहीत नाही? म्हणून तर ठेचा खाता येता-जाता.”

हे कसं उत्तर झालं ते कुणालाच कळलं नाही, पण सगळ्यांना पटलं. एवढी मोठी गोष्ट माणसाच्या घरातच, त्याच्या हाताच्या अंतरावर, वर्षानुवर्षं टर्रर्रर्र करत होती आणि त्यानं तिच्याविरुद्ध ओरडण्यात गळा घालवला होता. मामानं घसा साफ केला. आवाज मात्र त्याला सापडला तो खालचाच, मशीन थांबल्यावरचा.

“मग आवडली का तुला? गाणी?”

मामीनं खरंच विचार केला. हे भाचीला फार आवडलं. दुसरी कुणी असती तर चटकन ‘हो’ म्हणून दुधाकडं पळाली असती. मामीनं एकेक गाणं आठवून बाजूला ठेवल्यासारखं केलं, कपाळावर आठी आणून.

“सगळी नाही,” ती म्हणाली.

मामाचा चेहरा असा उजळला की भाचीनं ओशाळून टेपेची पाठ पुसायला घेतली. समीक्षकानं प्रामाणिक म्हटलं तेव्हाही तो इतका खूश झाला नव्हता, असं भाचीची आई सांगायची.

“कुठली नाही?” तो अधाशासारखा म्हणाला. “पुलाचं? पुलाचं तू ऐकलं नाहीयेस अजून.”

“शेजारणीनं ऐकलं होतं. बर्फात आहे ना ते? राहू दे तिथंच.”

“बरं. आणि नदीचं?”

“पहिलं कडवं. पुढं तुम्ही मोठे कवी व्हायला लागता.”

“क्रांतीचं?”

“अहो दूध!” मामी उठली. दूध केव्हाच उतू जाऊन शेगडीवर करपलं होतं. ती आतून ओरडून क्रांतीबद्दलचं मत सांगत राहिली, आणि मामा दारात उभा राहून, डोळे उघडे ठेवून, ते ऐकत राहिला. मधेच हुज्जत घालत होता. मधेच “हां, हे खरं” म्हणत होता.

तेवढ्यात कंपनीवाल्याचा त्या आठवड्याचा फोन आला. भाची उचलणार तोच मामानं तो तिच्या हातातून काढून घेतला.

“सर, नमस्कार, तब्येत कशी आहे?” पलीकडून काळजीचा आवाज आला. थांबायला तो कधीही तयार होता.

“उत्तम आहे,” मामा म्हणाला. “काढा रेकॉर्ड. पण मशीन पुसायचं नाही, आहे तस्सं ठेवायचं.”

“सर, लोक विचारतील तो आवाज कसला...”

“विचारू देत. आणि सगळी गाणी नाही घ्यायची. यादी आतून येतेय.” त्यानं फोनवर हात ठेवून स्वयंपाकघराकडं कान दिला, मग हात काढला आणि असा ताठ उभा राहिला, जणू समोर गच्च भरलेलं सभागृह आहे.

“आमच्या घरात,” तो म्हणाला, “काही गाणी आवडलेली आहेत.”